सुगंधाला काय सांगू

गुरुवार, तेरा नोव्हेंबर. दुपारचे सव्वातीन. शारजा, मुलाच्या घरातली मागची खोली.

शमुवेल,

सकाळी शवागारात जाऊन तुझी ओळख पटवून आलो. कागदावर सही केली. तुझे केस कोणीतरी विंचरले होते आणि भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. मी तो तसाच राहू दिला. तिथला माणूस आपले काम नीट करत होता. तू भांग कोणत्या बाजूला पाडतोस, हे त्याला कोण सांगणार?

त्याआधी तुझा व्हिसा रद्द झाला. मेलेल्या माणसाचाही व्हिसा इथे रद्द करावा लागतो, मगच त्याला देश सोडता येतो. तुझ्या कंपनीच्या माणसाने ते काम वेळेत करून दिले. आज रात्रीच्या विमानाने तू नागपूरला जाशील, तिथून गाडीने पांढुर्ण्याला. सामान म्हणून जाशील. हे मी कडवटपणे म्हणत नाही. पावतीवर तसेच लिहिले आहे.

लिहायला बसलो याचे कारण सुगंधा. काल तिचा फोन आला. घरात माणसे जमली होती, मागे कोणी गीत गात होते, आणि तुझ्या बायकोला नीट बोलता येत नव्हते. तिने एवढेच विचारले, "भाऊ, शेवटी ते काय बोलले? शांत होते ना जी?"

मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी सांगतो. घर रिकामं झालं की."

तिला वाटले असेल, आवाज नीट येत नाही म्हणून मी टाळले. आवाज येत होता. तू शेवटी जे बोललास ते नवऱ्याच्या पेटीची वाट पाहणाऱ्या बाईला कसे सांगावे, हे मला कळत नव्हते. आताही कळत नाही. खोटे मी सांगणार नाही, हे तुला ठाऊक आहे. थोड्या वेळाने फोन करायचा आहे. त्याआधी तुझ्याशी बोलून घेतो.

तू आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत आलास तो दिवस मला आठवतो. आपल्याला चर्चच्या आवारात उपासनेसाठी दुपारची एक खोली मिळते. आपल्याआधी तिथे मल्याळी लोक असतात, आपल्यानंतर इथिओपियन. तू मागच्या रांगेत बसलास आणि उपासना संपल्यावर सरळ माझ्याकडे आलास. मी मंडळीचा कारभार पाहणारा वडील आहे, हे तुला कोणी सांगितले होते. म्हणालास, "मी शमुवेल वानखडे, पांढुर्ण्याचा. ल्यूथरन आहे. इथं मराठी ल्यूथरन मंडळी काही होणार नाही, म्हणून तुमच्यात येतो. चालते ना?"

मी म्हणालो, चालते. मी नगरकडचा. माझ्या आजोबांना ज्या मिशनरींनी बाप्तिस्मा दिला ते अमेरिकेचे, तुझ्या आजोबांना देणारे स्वीडनचे. त्यांच्या समुद्रापलीकडच्या मतभेदांचा वारसा तुझ्यामाझ्यापर्यंत येऊन पोहोचला आणि आपण तो इमानाने चालवला.

पहिल्याच महिन्यात तू बोललास. आमच्याकडे भाकरी-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारी सूचना दिली जाते: ज्याचे मन तयार नाही, ज्याचा कोणाशी बेबनाव आहे, त्याने भाकरीचे ताट पुढे जाऊ द्यावे. ताट मी फिरवतो. कोण घेत नाही, हे मला दिसते. मी याला शिस्त म्हणत आलो आहे.

"शिस्त कायची जी," तू म्हणालास. "भुकेल्या माणसाले सांगता, आधी पोट भरून ये, मग वाढतो."

तुमच्याकडची रीत तू मला समजावून दिलीस. प्रभुभोजनाआधी माणूस गुडघे टेकतो, पाप कबूल करतो. पाळक त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. देव क्षमा करो, असे नाही. झाली आहे. पाळक जवळ नसेल आणि माणूस अडचणीत असेल, तर कोणीही विश्वासणारा हे म्हणू शकतो, असे तू वर म्हणालास. मला ते उद्धटपणाचे वाटले. तसे मी बोललो.

आपण खुर्च्या आवरत होतो. पुढची मंडळी दाराशी येऊन उभी होती.

"क्षमा करणारा देव आहे," मी म्हणालो. "माणसाने मध्ये तोंड घालू नये."

"मग देवाचं म्हणणं माणसाच्या कानात घालायचं कोणी? भिंतीनं?"

"वचन वाचावे. मन तपासावे. अंतःकरणात साक्ष मिळते."

"आणि नाही मिळाली तं?"

"तर पुन्हा तपासावे."

तू हातातली खुर्ची खाली ठेवलीस. "वडीलसाहेब, मी लिफ्टचा माणूस आहे. आत अडकलेला माणूस काय करते माहीत आहे? सगळी बटणं दाबते. पुन्हा दाबते. बोटं घालून दार ओढते. त्यानं काही होत नाही. बाहेरून कोणी यावंच लागते."

"बाहेरून येणाऱ्याजवळ परवाना असतो," मी म्हणालो. "तुझा दाखव."

तू मोठ्याने हसलास. दारातून कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली आणि आपण खुर्च्या उचलल्या. त्यानंतर वर्षानुवर्षे, मी मंडळीत कोणाला काही समजावताना दिसलो की तू लांबूनच स्वतःचे खिसे चाचपायचास, परवाना हरवल्यासारखे. मला ते आवडत नसे. बाकीच्यांना आवडे.

दुसरे भांडण तुझ्या कामाचे. तू म्हणायचास, देवाने प्रत्येकाला शेजाऱ्याच्या सेवेसाठी कुठेतरी उभे केले आहे. तेच त्याचे बोलावणे. पाळकाचे उपदेश करणे आणि तुझे लिफ्टची दोरी तपासणे, दोन्ही देवाला सारखीच. मी जहाजांच्या सुट्या भागांच्या गोदामात आयुष्य काढले. बोल्ट मोजताना मला देवाने बोलावल्यासारखे कधी वाटले नाही. मला वाटायचे, पोटाला कामाची गरज असते आणि आत्म्याला रविवारची. दोन्ही एकाच डब्यात भरू नयेत.

एकदा प्रभुभोजन चालू असताना तुझा फोन थरथरला. भाकरी तोंडात होती, पेला अजून यायचा होता. तू उठून निघून गेलास. पुढच्या आठवड्यात मी तुला बाजूला घेतले.

"रस घेऊन गेला असतास तर काय बिघडले असते?"

"दुबईले देऱ्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये म्हातारी अडकली होती जी. तिचा बीपी वाढला होता. देव थांबते, बीपी नाही थांबत."

"कोण होती?"

"लाहोरकडची वाटली. दार उघडल्याबरोबर शिव्या देल्या मला, उशीर केला म्हणून." मग तू म्हणालास, "तिच्या शिव्या खाल्ल्या, तेच माझं अर्धं प्रभुभोजन समजा."

हे विधान मी त्या वेळी वडीलमंडळापुढे मांडणार होतो. मांडले नाही.

तू फक्त वाद घालत नव्हतास, हेही लिहिले पाहिजे. माझी पत्नी गेली तेव्हा घरी आलेला प्रत्येक जण काहीतरी बोलला. देवाची इच्छा, चांगल्या ठिकाणी गेली, धीर धरा. तू सरळ स्वयंपाकघरात गेलास. कपडे धुण्याचे यंत्र मध्येच बंद पडले होते आणि तिने आदल्या दिवशी धुवायला टाकलेले कपडे पाण्यात तसेच अडकले होते. कोणाच्या लक्षात आले नव्हते. तू ते यंत्र खोललेस, कपडे बाहेर काढलेस, पिळलेस, गॅलरीतल्या दोरीवर टाकलेस. तिचे पातळही. मग हात पुसून माझ्याशेजारी बसलास. त्याबद्दल तुझे आभार.

आता सोमवारचे.

डॉक्टरांनी तुला विमानात बसू द्यायला नकार दिला होता. यकृताचा रोग उशिरा कळला, आणि कळल्यावर त्याने वेळ दिला नाही. आपले पाळकसाहेब भारतात होते. भेटीच्या वेळेत मी एकटाच रुग्णालयात आलो. तू छताकडे पाहत होतास.

"प्रार्थना करू?" मी विचारले.

"करा. पण माझ्या वतीनं काही म्हणू नका."

"का?"

तू ऑक्सिजनचा मास्क थोडा खाली ओढलास. "मी आत पाहून राहिलो, वडीलसाहेब. इतके दिवस पाहून राहिलो. काहीच नाही आहे. विश्वास नाही, भेव पण नाही. रिकामं."

मग तू तुझ्या वडिलांबद्दल बोललास. ते गेले तेव्हा इथे नव्या हॉटेलच्या लिफ्टा सुरू व्हायच्या होत्या. शेवटचे काही दिवस ते तुझे नाव घेत होते. सुगंधाने त्यांना माती दिली.

"मी तवा सगळ्यांना सांगितलं, देवानं मला इथं ठेवलं, हेच माझं बोलावणं. म्हणायले बरं वाटे. आता पाहतो तं सबब होती. सुट्टी मागितली असती तं भेटली असती."

"मग का मागितली नाहीस?"

"म्हाताऱ्याले मरताना पाहायची हिंमत नव्हती."

शमुवेल, कामाचे बोलावणे हा माणसाने स्वतःला सांगितलेला सोयीचा अर्थ आहे, हे मी तुला किती वर्षे सांगत होतो. त्या दिवशी ते तू आपल्या तोंडाने कबूल केलेस. वाद मी जिंकला होता, आणि मला ते ऐकवत नव्हते. माझ्याजवळ आयुष्यभराची एकच पुंजी होती: मन तपास, पश्चात्ताप कर, आत साक्ष शोध. तू तेच करून बसला होतास. तपासले होतेस. आत रिकामे आहे हे तुला प्रामाणिकपणे दिसले होते. त्या माणसाला पुन्हा आत पाहा म्हणून सांगणे म्हणजे त्याला ढकलून देणे होते. मग माझ्याकडे तुझ्याच शिकवणुकीच्या सामानाखेरीज दुसरे काही उरले नाही. मी ते वापरले.

"शमुवेल, आत पाहू नकोस."

"मग कुठं पाहू?"

"बाहेर. तूच सांगायचास."

"ते मी धडधाकट होतो तवा."

"तुझा बाप्तिस्मा कुठे झाला?"

"पांढुर्ण्याले."

"त्या वेळी तुझ्या आत काय होते?"

तू माझ्याकडे पाहिलेस. "महिन्याचं लेकरू होतो. काय असन? दूध."

"विश्वास?"

"कायचा विश्वास."

"देवाने तरी तुला नावाने आपले म्हटले. त्या वेळी आत काही नसताना चालले, ते आज का चालू नये?"

हा युक्तिवाद माझा नव्हता. खुर्च्या आवरताना तूच कधीतरी केला होतास आणि मी तो खोडून काढला होता. कसा खोडला होता, ते त्या क्षणी मला आठवेना, आणि आठवू नये अशीच माझी इच्छा होती.

मग तू म्हणालास, "तुम्ही म्हणा ते."

"काय?"

"तुम्हाले माहीत आहे."

नर्स दारात आली. "अंकल, टाइम हो गया." मी तिला हाताने थांबवले. उभा राहिलो. आमच्या घराण्यात हे वाक्य कोणी कोणाला म्हटल्याचे मला ठाऊक नाही. तुझ्या कपाळावर हात ठेवला; कपाळ तापलेले होते. मी म्हणालो, "शमुवेल, ख्रिस्ताच्या नावाने सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." तुझ्या वडिलांचेही नाव घेतले, म्हणजे कोणते पाप याविषयी तुला संशय राहू नये.

तू मास्क पुन्हा खाली ओढलास आणि म्हणालास, "परवाना?"

नर्सने मास्क नाकावर बसवला, पट्टी आवळली आणि मला बाहेर जायला सांगितले. मी गेलो. मंगळवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला. रात्री तू कोणाशी काही बोलला नाहीस, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तो तुझा शेवटचा शब्द.

तेव्हापासून मी एकच गोष्ट ठरवू पाहतो आहे. ती थट्टा असेल, तर तू शांत होतास. तुझे खिसे चाचपणे तुझ्याकडे परत आले होते, आणि ज्याला थट्टा सुचते तो माणूस रिकामा नसतो. तो खरा प्रश्न असेल, तर मी त्याचे उत्तर न देता बाहेर पडलो, आणि तू रात्रभर त्या प्रश्नापाशी एकटा पडून होतास. मास्कमुळे तुझे तोंड दिसले नाही. डोळे पिवळे झाले होते. त्यांत काही वाचता आले नाही.

आज जेवताना नातीने विचारले, "आजोबा, इज शमू अंकल इन हेवन?" मुलगा आणि सून ताटात पाहू लागले. मी म्हणालो, "आधी जेव." आठ वर्षांच्या मुलीला जे सांगता आले नाही ते आता सुगंधाला सांगायचे आहे. थोडे सौम्य करून सांगावे, असा विचार मनात येऊन गेला. 'प्रार्थना ऐकत ऐकत गेला' असे म्हणता येईल, आणि ते पूर्ण खोटेही ठरणार नाही. पण तू त्या म्हातारीच्या शिव्यासुद्धा मला जशाच्या तशा सांगितल्या होत्यास.

पाच वाजत आले. फोन करतो.

*

फोन झाला. जे झाले ते लिहून ठेवतो.

"घर रिकामं झालं का?"

"झालं जी, भाऊ. आई झोपली. बोला."

मी क्रमाने सगळे सांगितले. रिकामे आहे म्हणालास, तेही. वडिलांचे, तेही. मी काय म्हणालो ते, आणि त्यावर तू काय म्हणालास ते. परवान्याचा तो जुना वाद तिला माहीत होता; तू सुट्टीवर गेलास की माझी नक्कल करून दाखवायचास, हे मला आज कळले.

"हसून राहिले होते का?" तिने विचारले.

"मास्क होता. दिसलं नाही."

"तुम्हाले काय वाटते?"

"मला माहीत नाही, सुगंधा. माहीत असतं तर सांगितलं असतं."

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"नाही."

फोन तुटला असे वाटले. मग ती बोलली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की मी उठून उभा राहिलो.

"मागच्या महिन्यात आमचं भांडण झालं, भाऊ. ते म्हणाले, बरं वाटलं की येतो. मी म्हटलं, येऊ नका. बाबांना मी माती देली, तुम्हालेही कोणी परका देईल. तिथंच मरा. असं म्हटलं मी. तवा मला माहीत नव्हतं की आजार इतका आहे. त्यानंतर ते फोनवर फक्त हो-नाही बोलत. आता मी कोणाले म्हणू? कोणाची माफी मागू?"

तिला सांगता आल्या असत्या अशा बऱ्याच गोष्टी होत्या. तू रागावला नव्हतास. आजारी माणूस कमीच बोलतो. तिने प्रार्थना करावी, मन हलके होईल. यातली पहिली मला माहीत नाही, दुसरी कामाची नाही, आणि तिसरी मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे. ती ज्या पेचात उभी होती, तो मी सोमवारी तुझ्या खाटेपाशी पाहिला होता.

मी म्हणालो, "सुगंधा, ख्रिस्ताच्या नावाने सांगतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तू त्याला बोललीस, त्याचीही."

ती म्हणाली, "पुन्हा म्हणा जी. बाहेरून ट्रॅक्टर गेला, ऐकू नाही आलं."

मी पुन्हा म्हटले. या वेळी मोठ्याने म्हटले. सून स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहून गेली.

सुगंधा रडली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो, कारण ठेवणे बरोबर नव्हते. शेवटी ती म्हणाली, "बरं जी," आणि उद्या किती माणसे येतील, चहाचे काय करायचे, यावर बोलू लागली. परवाना तिने विचारला नाही.

तू विचारला होतास, तेव्हा उत्तर तुलाच देतो. माझ्याजवळ नाही, शमुवेल. सोमवारी नव्हता, आजही नव्हता. कोणाकडून मिळतो, हे तू मला पटवून दिले नाहीस आणि आता देणार नाहीस. त्याशिवायच मी ते म्हणालो, आणि आणखी कोणी अशा आवाजात विचारले तर पुन्हा म्हणेन. वडीलमंडळात यावर बोलणे होईल. होऊ दे. तुझी शेवटची रात्र मात्र यातून सुटत नाही. ती माझ्याकडे तशीच राहील, आणि ती कोणीतरी येऊन हलकी करावी, अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

अंधार पडला आहे. तुला विमानतळावर नेले, असा कंपनीच्या माणसाचा निरोप आला.

तो वाचल्यावर पांढुर्ण्याच्या पाळकांना फोन लावला. दफनाची वेळ त्यांनी सांगितली. मी त्यांना म्हणालो की इथून येणारी पेटी आपल्याकडच्या पेटीपेक्षा मोठी असते. नेहमीच्या मापाचा खड्डा पुरणार नाही, आणि ऐन वेळी माणसांसमोर पुन्हा खणावे लागू नये. त्यांनी लांबी-रुंदी विचारली. सकाळी सही करायच्या आधी मी टेपने मोजून घेतली होती. सात फूट आणि अडीच फूट, असे सांगितले. चारही बाजूंना वीतभर जास्त ठेवा म्हणालो. त्यांनी खणणाऱ्यांना तिथल्या तिथे हाक मारून ते कळवले, मी ऐकले, आणि फोन ठेवला.